हातातला थ्रॉटल ठेवायचा कुठे?

अमेरिकेत घराच्या तळघरात मॉडेल रेल्वे उभारणारे हौशी बरेच आहेत. त्यांच्यात एचओ हे माप सर्वांत लोकप्रिय: खऱ्या गाडीचा ८७वा भाग. डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत वीज आणि इंजिनाला द्यायचे हुकूम, दोन्ही रुळांतूनच जातात. चालक हातातला थ्रॉटल, म्हणजे वेगाचा नियंत्रक, घेऊन गाडीबरोबर चालतो. थ्रॉटल जोडणाऱ्या लोकोनेटसारख्या व्यवस्थेत त्याची वायर एका सॉकेटमधून काढून पुढच्यात लावेपर्यंत गाडी आधीच्याच वेगाने धावत राहते.

यार्डात डबे सोडवताना मात्र दोन्ही हात लागतात. मग थ्रॉटल सर्रास रेल्वेच्या मांडणीवरच टेकवला जातो. सिग्नलचा खांब मोडतो, तारेत झाडे अडकतात, आणि वेगाच्या बटणाला नुसता धक्का लागला तरी इंजिन सुसाट सुटते.

यावर खरा उपाय म्हणजे मांडणीच्या दर्शनी पट्टीवर बसवलेले कप्पे. प्लायवूडचा, आतून फेल्ट लावलेला कप्पा उत्तम. खालचा अर्धा भाग आत बसावा, बटण आणि पडदा वर दिसावा. जिथे गाडी थांबते, तिथेच तो हवा: यार्ड, स्टेशन, सायडिंग. वाट अरुंद असेल तर कप्पा पट्टीच्या आत दाबून बसवावा, नाहीतर जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कमरेला लागतो. वेल्क्रोही चालतो, पण ओढून काढताना बोट हमखास बटणावर पडते. मला तो पसंत नाही.

बिनतारी थ्रॉटल बरेच दिवस वापरायचे नसतील, तर अल्कलाइन सेल काढूनच कप्प्यात ठेवा. गळलेला सेल आतले संपर्क खाऊन टाकतो.