टोकियोचा बेत आखताना

टोकियोला जाताय? मग स्थळांची यादी करण्याआधी यामानोते लाइनचा नकाशा समोर ठेवा. ३० स्टेशनांची ही गोल रेल्वे साधारण तासाभरात फेरी पूर्ण करते. उएनो, अकिहाबारा, टोकियो स्टेशन पूर्वेला. शिंजुकू, हाराजुकू, शिबुया पश्चिमेला. एका दिवशी एकच बाजू घ्या, वेळ आणि पाय दोन्ही वाचतात.

असाकुसाचं सेन्सोजी देऊळ सकाळी सातच्या सुमारास गाठाच. समोरच्या नाकामिसे गल्लीतली दुकानं तेव्हा बंद असतात, पण म्हणूनच शटरवर रंगवलेली जुन्या असाकुसाची सुंदर चित्रं बघायला मिळतात! दुकानं उघडली की ही चित्रं दिसेनाशी होतात.

उंचावरून शहर बघायला पैसे मोजू नका. शिंजुकूतल्या महानगर सरकारच्या इमारतीत ४५व्या मजल्यावर फुकट जाता येतं. हवा स्वच्छ असेल तर फुजी पर्वत दिसतो. संग्रहालयं बघणार असाल तर वार बघून ठरवा, बरीच सोमवारी बंद असतात.

शाकाहारी मंडळींनो, नूडल्सच्या रश्श्यात, मिसो सूपमध्ये बहुतेकदा सुक्या माशाचा अर्क असतो. नुसतं ‘मांस नको’ सांगून भागत नाही, मासळीचंही विचारा. टोकियोतल्याच निशी-कासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे, तिथे आपलं जेवण मिळतं. परतीची वेळ मात्र सांभाळा: मध्यरात्रीनंतर पहाटे पाचच्या सुमारापर्यंत लोकल आणि मेट्रो बंद असतात.