नोंद, चित्र आणि डाव : ब्लॉकचेनवरील पत्त्यांच्या खेळाचा प्राथमिक परिचय

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांच्या सामाजिक इतिहासात 'नोंद' आणि 'कब्जा' या दोन शब्दांमधील अंतर निर्णायक ठरलेले आहे. जमीन कसणारा वारली एक आणि कागदावरील धनी दुसरा, ही स्थिती येथे पिढ्यान्‌पिढ्या टिकून होती. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी येथे किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली एकत्र आले ते वेठबिगारी संपविण्याच्या निर्धाराने. परंतु वेठीला बळ मिळत होते ते बव्हंशी जमीनदार-सावकारांच्या हातातील कागदामुळेच. पुढे आलेला १९४८ चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आणि २००६ चा वनहक्क कायदा हे सारे कसणाऱ्याच्या कब्जाला नोंदीचा आधार मिळवून देण्याचेच प्रयत्न होत.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता याहून फार दूरचा आहे. संगणकावर व मोबाइलवर खेळावयाचे, पत्ते जमविण्याचे आणि विकण्याचे काही खेळ गेल्या दशकात ब्लॉकचेन या पद्धतीच्या आधारे निर्माण झाले. येथे पत्ता खेळाडूच्या खऱ्याखुऱ्या मालकीचा असतो, असे त्यांचे चालक सांगतात. हा खेळ शिकू इच्छिणाऱ्याने डावपेचांच्याही आधी या 'मालकी'चा अर्थ समजून घ्यावयास हवा; कारण डहाणू-तलासरीची जुनी स्थिती येथे नेमकी उलटी होते. नोंद खेळाडूच्या नावाची असते. कब्जा मात्र पुष्कळदा दुसऱ्याच्या हाती राहतो.

खेळाचे स्वरूप

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. ते पिसून वाटले की सर्व खेळाडू एकाच कॅटातून खेळतात. कोणाचा पत्ता कोणता, हे नशीब ठरविते. ही कल्पना १९९३ साली रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाने बदलली. यात प्रत्येक खेळाडू आपण जमविलेल्या पत्त्यांतून स्वतःचा कॅट रचून आणतो. त्यामुळे कौशल्ये दोन झाली : कॅट रचणे आणि डाव खेळणे. दुर्मिळ पत्त्याला बाजारात किंमत आली, तीही यामुळेच.

असे खेळ संगणकावर आले तेव्हा एक गोष्ट हरवली. कागदी पत्ता मित्राला देता येतो, विकता येतो. संगणकावरील पत्ता कंपनीच्या दप्तरातील एक ओळ असतो आणि तो सहसा विकता येत नाही. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न २०१५ च्या सुमारास 'स्पेल्स ऑफ जेनेसिस' या खेळाने केला. २०१८ साली 'गॉड्स अनचेन्ड' आणि 'स्टीम मॉन्स्टर्स' (पुढे 'स्प्लिंटरलँड्स') हे खेळ आले. या सर्वांत पत्त्याची नोंद कंपनीच्या दप्तराबाहेर, ब्लॉकचेनवर ठेवली जाते.

ब्लॉकचेन म्हणजे काय, हे फेरफार नोंदवहीच्या दृष्टान्ताने समजते. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली की गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदला जातो आणि त्यावरून सातबारा उतारा बदलतो. अशा नोंदवहीच्या हजारो प्रती हजारो ठिकाणी ठेवल्या, प्रत्येक नवी नोंद सर्व प्रतींत एकाच वेळी चढविली आणि मागील पानाची गणिती खूण पुढील पानात गोवून जुने पान बदलणे जवळजवळ अशक्य केले, तर जे तयार होईल ते ब्लॉकचेन होय. त्यात तलाठी नाही, हे तिचे बळ आहे. परंतु प्रांताधिकाऱ्याकडे करावयाचे अपीलही नाही, ही तिची मर्यादा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे अधिकार-अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते. ब्लॉकचेनवरील नोंदीला हा 'पर्यंत' ठाऊक नाही. चुकून किंवा फसवणुकीने गेलेला पत्ता ती परत आणीत नाही.

एका पत्त्यातील तीन वस्तू

नवशिक्याने ध्यानात ठेवावयाचा पहिला विवेक हा की, ज्याला एक पत्ता म्हटले जाते त्यात तीन निराळ्या वस्तू असतात. पहिली नोंद, ती ब्लॉकचेनवर असते आणि तिच्यावर खेळाडूचा अधिकार असतो. दुसरी चित्र, ते बहुधा कंपनीच्या संगणकावर ठेवलेले असते आणि नोंद विकत घेतल्याने चित्राचा स्वामित्वहक्क आपोआप मिळत नाही. तिसरा डाव, म्हणजे त्या पत्त्याने खेळण्याची शक्यता. ती नियम करणाऱ्या व खेळ चालविणाऱ्या कंपनीच्या हाती असते. पत्त्याचे बळ कमी करणे, त्याला विशिष्ट स्पर्धांतून वगळणे, किंवा खेळच बंद करणे हे निर्णय नोंदीला हात न लावता घेता येतात.

याचे उदाहरण 'एफ-वन डेल्टा टाइम' या मोटारशर्यतीच्या खेळाने घालून दिले आहे. त्यातील एका मोटारीची नोंद मे २०१९ मध्ये ४१५.९ ईथरला, म्हणजे त्या वेळच्या एक लाख डॉलरहून अधिक किंमतीला विकली गेली. फॉर्म्युला वन या संस्थेचा परवाना पुढे चालू राहिला नाही आणि १६ मार्च २०२२ रोजी खेळ बंद पडला. कंपनीने धारकांना आपल्या अन्य खेळांतील वस्तू बदली देऊ केल्या. परंतु ज्या शर्यतीसाठी ती मोटार घेतली होती ती शर्यत उरली नाही. खतावणीतील नोंद मात्र शाबूत होती.

डाव शिकण्याचा क्रम

यास्तव आरंभ खरेदीने करू नये. 'गॉड्स अनचेन्ड'मध्ये नव्या खेळाडूला काही पत्ते विनामूल्य मिळतात. त्यांनी खेळता येते, ते विकता मात्र येत नाहीत. शिकण्यासाठी तेवढे पुरेसे असतात. एकच कॅट घेऊन काही आठवडे खेळावे. प्रत्येक पराभवानंतर डाव कोठे हातचा गेला हे टिपून ठेवावे. रोज नवा कॅट बांधणारा खेळाडू पत्ते शिकतो, डाव शिकत नाही.

त्या खेळात कॅट ३० पत्त्यांचा असतो आणि प्रत्येक पत्ता खेळण्यास 'मॅना' नावाची शक्ती खर्च करावी लागते. ती आरंभी थोडी असते व डाव पुढे सरकेल तशी वाढते. नवशिक्याची नेहमीची चूक ही की, तो बलवान आणि म्हणून महाग पत्तेच कॅटात भरतो. परिणामी पहिल्या चार-पाच पाळ्या हात भरलेला असूनही उतरावयास पत्ता नसतो. कॅटात स्वल्प मॅनाचे पत्ते अधिक, मध्यम त्याहून कमी आणि भारी अगदी मोजके, अशी उतरती रचना असावी. पटावर आपले सैनिक असताना प्रतिस्पर्ध्यावर थेट वार करावयाचा की आधी त्याचे सैनिक निकालात काढावयाचे, हा प्रत्येक पाळीचा मुख्य प्रश्न असतो. सामान्यतः आरंभी पट हाती ठेवावा. अखेरच्या दोन-तीन पाळ्यांत विजयाचा हिशेब जुळत असेल तेव्हाच थेट वाराकडे वळावे.

'स्प्लिंटरलँड्स'ची रीत निराळी आहे. तेथे प्रत्येक लढतीपूर्वी मॅनाची मर्यादा व त्या लढतीचे खास नियम जाहीर होतात. खेळाडू आपला संघ निवडून क्रमाने उभा करतो आणि मग लढत आपोआप चालते. म्हणजे सारे कौशल्य निवडीत आणि मांडणीत आहे. हातघाईने लढणारा योद्धा सामान्यतः पहिल्या स्थानावरूनच वार करू शकतो. दुरून मारा करणारा पहिल्या स्थानावर निरुपयोगी होतो. मंत्रबळाने लढणारा कोणत्याही स्थानावरून मारा करतो आणि चिलखत भेदतो. एवढे तीन नियम पक्के झाले तरी सुरुवातीचे निम्मे पराभव टळतात. मात्र लढतीचे खास नियम हे सामान्य नियम बदलू शकतात. म्हणून मांडणीपूर्वी ते दोनदा वाचावेत.

किल्ली, पंच आणि खंड

पत्त्याची नोंद ज्या खात्यावर असते त्याला वॉलेट म्हणतात व ते एका खासगी किल्लीने, म्हणजे गुप्त शब्दमालेने, उघडते. ती मोबाइलमधील छायाचित्रात न ठेवता कागदावर लिहून ठेवावी. कोणत्याही साहाय्यकर्त्याला, स्पर्धेच्या आयोजकाला किंवा बक्षीस देऊ करणाऱ्याला ती सांगू नये. ज्याला ती कळली तोच त्या क्षणापासून धनी होय.

खतावणी सामायिक आहे एवढ्यावरही निर्धास्त राहू नये. ती किती हातांत आहे हे पाहावे. 'ॲक्सी इन्फिनिटी' या प्रसिद्ध खेळाचे व्यवहार ज्या रोनिन साखळीवर चालत, तिच्या द्रव्यपेटीवर अवघे नऊ पंच होते आणि पाचांची संमती पुरेशी होती. मार्च २०२२ मध्ये चोरांनी पाच किल्ल्या मिळवून १,७३,६०० ईथर आणि सुमारे अडीच कोटी डॉलरचे अन्य चलन पळविले.

याच खेळात आणखी एक प्रथा रूढ झाली. ज्यांच्याजवळ भांडवल होते ते खेळातील प्राणी विकत घेऊन दुसऱ्यांना खेळण्यास देत व मिळकतीत वाटा घेत. फिलिपीन्समध्ये कोरोनाच्या काळात पुष्कळांनी हा मार्ग पत्करला. या व्यवस्थेला त्यांनी 'शिष्यवृत्ती' असे नाव दिले. परंतु वस्तुतः ती अर्धेलीच होती. साधन एकाचे, श्रम दुसऱ्याचे, आणि उत्पन्नाची किंमत तिसऱ्याच्या हाती. २०२१ च्या मध्यास या खेळातील कमाईच्या नाण्याचा भाव एक तृतीयांश डॉलरच्या आसपास गेला होता. २०२२ च्या मध्यास तो एका सेंटच्याही खाली उतरला. भाड्याने पत्ते घेऊन खेळण्याचा करार विद्यार्थ्यासमोर आला, तर ज्या घरांत खंडाच्या आठवणी अद्याप जाग्या आहेत त्या घरांतील वडीलधाऱ्यांना त्याच्या अटी वाचून दाखवाव्यात. त्यांना त्या चटकन उमगतील.

कर आणि कायदा

भारतात २०२२ च्या वित्त अधिनियमाने आभासी अंकीय मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर लावला आणि १ जुलै २०२२ पासून विहित मर्यादेपलीकडील व्यवहारांवर १ टक्का उद्गम-कपात सुरू केली. महत्त्वाची अट ही की, एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. एका पत्त्यावर १,००० रुपये मिळाले व दुसऱ्यावर १,००० रुपये बुडाले, तर हाती शून्य राहते; कर मात्र उपकर सोडून ३०० रुपये देय होतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. जिंकण्यातून द्रव्यलाभ होईल या अपेक्षेने पैसा किंवा अन्य पण लावून खेळावयाचे खेळ चालविण्यास त्याने मनाई केली आहे. 'अन्य पण' या संज्ञेत पैशात रूपांतर होऊ शकणारी नाणी व चिन्हेही येतात. खेळ चालविणाऱ्यास शिक्षा आहे, खेळणाऱ्यास नाही. तरीही प्रवेशमूल्य भरून नाणी जिंकावयाच्या स्पर्धांपासून नवशिक्याने दूरच राहावे. ज्या खेळाला मनाई होते त्यातील पत्त्याचा बाजारही ओसरतो.

चित्र कोणाचे?

डहाणू-तलासरीच्या विद्यार्थ्यांना या विषयात खेळाडूखेरीज आणखी एका नात्याने रस असू शकेल. वारली चित्र ही येथील निर्मिती. लग्नचौक सवाशिणी भिंतीवर लिहीत. तो विकावयाचा नव्हता. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर व जगापुढे नेली आणि २०११ साली ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. 'वारली चित्रकला' या नावाला २०१४ साली भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले. पण ते संरक्षण नावाला आहे. त्रिकोणी देहाच्या आकृत्या काढण्यास ते कोणाला मज्जाव करीत नाही. ब्लॉकचेनही येथे साहाय्य करू शकत नाही. पत्त्यावरील चित्राची नोंद प्रथम कोणी केली एवढेच ती सांगते. ते चित्र करण्याचा अधिकार त्याला होता काय, हे ती विचारीत नाही. खोटी नोंदही खऱ्या नोंदीइतकीच अढळ राहते. म्हणून येथील चित्रकाराकडे एखाद्या खेळासाठी चित्रे मागितली गेली, तर स्वामित्वहक्क कोणाकडे राहणार, नाव छापले जाणार काय आणि पुढील प्रत्येक विक्रीत वाटा मिळणार काय, या तीन गोष्टी लेखी करारात घालून घ्याव्यात. फेरविक्रीतील वाटा बाजारचालकाने स्वेच्छेने देण्यावर अवलंबून ठेवू नये.

नव्या पत्त्यासाठी पैसे मोजण्यापूर्वी एकच कसोटी लावावी. उद्या हा खेळ बंद पडला आणि नोंद तेवढी उरली, तर दिलेली रक्कम करमणुकीचे मोल म्हणून सोसेल काय? उत्तर होकारार्थी असेल तर पत्ता घ्यावा आणि आनंदाने खेळावे. ते नकारार्थी असेल, तर विनामूल्य मिळालेल्या पत्त्यांवर डाव अधिक चांगला शिकता येतो.