कॅरिबियनची सहल : मोठं जहाज की मध्यम?

दिवाळीत न्यू जर्सीहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. "आई, बाबांच्या पंच्याहत्तरीला सगळे मिळून कॅरिबियन क्रूझला जाऊ. दोन जहाजं बघून ठेवलीत, कुठलं घ्यायचं ते तू सांग." सगळा जन्म बडोद्यात काढलेल्या मला जहाजातलं काय कळणार! पण आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं तिकडे आहेत आणि असे बेत आता होऊ लागलेत. म्हणून आम्ही कसं ठरवलं ते लिहिते.

पहिलं जहाज रॉयल कॅरिबियनचं 'आयकॉन ऑफ द सीज'. फिनलंडमध्ये बांधलेलं, जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेलं. लांबी सुमारे ३६५ मीटर, मजले वीस. एका खोलीत दोघं धरली तर ५,६१० प्रवासी, सगळ्या खाटा भरल्या तर ७,६००. सहा घसरगुंड्यांचं वॉटरपार्क, सात पोहण्याचे तलाव, बर्फावरचे स्केटिंगचे खेळ, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी वेगळा विभाग. नऊ वर्षांच्या नातवाचं मत अर्थातच याला.

दुसरं 'सेलिब्रिटी बियॉन्ड', २०२२ चं, फ्रान्समध्ये बांधलेलं. लांबी ३२७ मीटर, प्रवासी सुमारे ३,२६०. इथे घसरगुंड्या नाहीत. गच्चीवर बाग, निवांत बसायच्या जागा आणि मुलांसाठी एक क्लब. गंमत म्हणजे दोन्ही कंपन्या एकाच समूहाच्या.

मला वाटलं, मोठ्या जहाजावर चेंगराचेंगरी असणार. मुलाने हिशेब दाखवला. जहाजाचं आकारमान 'ग्रॉस टनेज'मध्ये मोजतात. आयकॉनचं सुमारे २,४८,६०० आणि बियॉन्डचं १,४०,६००. प्रवाशांच्या संख्येने भागलं तर माणशी ४४ आणि ४३. म्हणजे जागा जवळजवळ सारखीच! फरक पडतो तो चालण्यात, मजले चढण्या-उतरण्यात, आणि बंदरावर एकाच वेळी किती माणसं उतरतात त्यात.

इथे मला एक गोष्ट सांगावीच लागली. वर्षभरापासून हे विसरायला लागलेत. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर पाण्याची बाटली आणायला गेले आणि पाऊण तास सापडले नाहीत. मुलाला उगाच काळजी नको म्हणून मी बोलले नव्हते. आता बोलले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आई, हे आधी सांगायचं होतंस गं." दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही जहाजांचे नकाशे घेऊन पुन्हा फोन केला, आणि खोलीपासून जेवणघर किती लांब, लिफ्ट कुठे, हे आम्ही बोट ठेवून पाहिलं. बियॉन्ड ठरलं. नातू दोन दिवस रुसला होता. त्याच्या आईने त्याला कारण सांगितलं, तेव्हा म्हणाला, "मग आजोबांच्या शेजारची खोली माझी."

या शोधात हाती लागलेल्या काही गोष्टी:

व्हिसा : जहाज अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येतं, म्हणून भारतीय पासपोर्टवर अनेक वेळा प्रवेशाचा अमेरिकन व्हिसा हवा. वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा तपासावा.

हंगाम : वादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर. आम्ही फेब्रुवारी निवडला.

खोली : 'बाल्कनी' म्हणजे समुद्रच दिसेल असं नाही. आयकॉनवर काही बाल्कन्या जहाजाच्या आतल्या बागेकडे उघडतात. खोल्या शेजारी-शेजारी आणि लिफ्टजवळ मागाव्यात.

बंदर : ग्रँड केमनसारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जावं लागतं. गुडघेदुखी असेल तर आधी विचार करावा.

खर्च : भाड्यात खोली, रोजचं जेवण आणि बहुतेक कार्यक्रम येतात. वाय-फाय, मद्य, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. शिवाय कर्मचाऱ्यांची बक्षिसी माणशी रोज साधारण १८ ते २० डॉलर. सहा जणांचे सात रात्रींचे साडेसातशे डॉलर तिथेच गेले.

जेवण : भारतीय शाकाहारी जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगावं, आणि चढल्यावर जेवणघरात पुन्हा आठवण द्यावी.

विमा : जहाजावरच्या दवाखान्याचं बिल आपल्यालाच भरावं लागतं. विमा घेताना जुनी दुखणी लपवू नयेत.

आणि शेवटचं : जहाजाच्या कार्डावर सुरक्षिततेसाठी सहसा खोलीचा नंबर छापत नाहीत. ह्यांच्या खिशात एक चिठ्ठी राहणार आहे, खोलीचा नंबर आणि आमची नावं लिहिलेली. नातीने ती आत्ताच तयार केलीय, नंबराची जागा तेवढी मोकळी ठेवून.

हे सगळं ह्यांना विचारूनच लिहिलंय. वाचून दाखवलं तर हसून म्हणाले, "एवढी कसली काळजी करता? हरवलो तरी जहाजातच असेन ना!"