दुखतंय ते कुणाला?

१४ एप्रिलला, तारखेनं, रमण महर्षींची पुण्यतिथी असते. त्या सुमारास आत्मविचाराच्या, म्हणजे ‘मी कोण?’ या शोधाच्या, शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात आणि सहनशक्ती वाढवून देण्याचं आश्वासन त्यांत हमखास असतं. मदुराईतला तो सोळा वर्षांचा मुलगा, त्याला आलेला मृत्यूचा अनुभव, १८९६मध्ये त्यानं गाठलेलं तिरुवण्णामलै, हे सारं वाचकांना ठाऊक आहे. मला मोलाचं वाटतं ते त्यांचं शेवटचं वर्ष.

१९४९च्या फेब्रुवारीत डाव्या हातावरची गाठ काढली. ती पुन्हा आली आणि सार्कोमा या कर्करोगाचं निदान झालं. वर्षभरात चार शस्त्रक्रिया झाल्या, रेडियमही लावून झालं. हात कापायचा सल्ला त्यांनी मानला नाही. बाकी ज्या वैद्य-डॉक्टरांनी जे उपचार केले, ते करू दिले. दर्शन मात्र बंद करू दिलं नाही. तरुणपणी पाताळलिंगाच्या तळघरात किड्यांनी मांड्या पोखरल्या, तेव्हा त्यांना देहाची शुद्धच नव्हती. १९४९मध्ये पूर्ण शुद्ध होती. म्हणून ही दुसरी तितिक्षा, म्हणजे सोसण्याची ताकद, मला थोर वाटते.

हे बळ येतं कुठून? १९०२मध्ये शिवप्रकाशम पिळ्ळै यांनी विचारलेल्या प्रश्नांना मौनात असलेल्या रमणांनी लिहून उत्तरं दिली होती. विचार उठला की तो कुणाला उठला, हे शोधायचं. कळ आली की पाठोपाठ ‘मलाच का’, ‘किती दिवस’, ‘पुढे काय’ अशी रांग लागते. कळ शरीराची, रांग त्या ‘मी’ची. लक्ष त्या ‘मी’कडे वळवायचं. प्रश्नाचा जप करायचा नाही.

वेदान्ताच्या परंपरेत तितिक्षा ही षट्संपत्तीपैकी, म्हणजे साधकाच्या सहा गुणांपैकी एक, विचाराआधीची पात्रता. रमणांनी मात्र येईल त्याच्या हाती थेट प्रश्नच दिला. सोसण्याची ताकद त्या शोधातूनच येते, असं मला ठामपणे वाटतं.

अशी ताकद आणखी एका ठिकाणी दिसते. रमणांच्या सहवासात राहिलेले, औंध संस्थानच्या स्वराज्य प्रयोगात राबलेले मॉरिस फ्रीडमन पुढे मुंबईत खेतवाडीला निसर्गदत्त महाराजांकडे पोचले. त्यांनी इंग्रजीत आणलेली महाराजांची मराठी संभाषणं १९७३मध्ये प्रसिद्ध झाली. महाराजांनाही कर्करोग झाला, घशाचा. १९८१मध्ये ते गेले, पण त्या आजारातही त्यांच्याकडे येणाऱ्यांशी बोलत राहिले.

आपल्याकडे ‘सोस’ हा उपदेश नेहमी दुसऱ्याला, त्यातही घरातल्या बाईला केला जातो. त्यासाठी रमणांचं नाव वापरणं मला संतापजनक वाटतं. रमणांनी स्वतः उपचार करू दिले होते, म्हणून शिबिराला जाणाऱ्यांनी आयोजकांना आधी एवढं विचारावं: चालू औषधं बंद करायला सांगता का? होकार आला, तर पैसे भरू नयेत.