वाळू खाल्लेली इंजिनं

पुण्यात आम्ही विमानवेडे जमलो की पहिला तास मिग-२१ हे लढाऊ विमान खातं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला गेला, तेव्हापासून तर जरा जास्तच. ओझरच्या मिग कारखान्यात कुणाचे मामा होते, कुणाचे वडील होते, सगळं यथासांग होतं. मग जुन्या लढाऊ विमानांत नॅट भारी की हंटर, हा ठरलेला तंटा. चहाची दुसरी फेरी येईपर्यंत मी गप्प असतो आणि मग लिबरेटर काढतो. ‘‘झालं, सोडली याने म्हैस!’’ असं कुणीतरी म्हणतंच.

म्हैस म्हटलं म्हणून मला राग येत नाही. बी-२४ लिबरेटर हे बॉम्बर दिसायला बेढबच. पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० फूट आणि चिंचोळे, त्यामुळे पल्ला दांडगा. पण हाकायला इतकं जड की वैमानिकाचे दंड भरून यायचे. बॉम्बच्या खणातून पुढेमागे जायला वीतभर रुंदीची पट्टी. खणाची दारं दुकानाच्या शटरसारखी गुंडाळत वर जात. आत पेट्रोलची वाफ कोंडू नये म्हणून काहीजण ती थोडी उघडी ठेवूनच उडत. हे असलं विमान अमेरिकेने १८ हजारांवर बांधलं. ब्रिटिशांच्या स्क्वाड्रन ती बंगालातल्या डिग्री, साल्बनी अशा तळांवरून ब्रह्मदेशावर नेत.

दुसरं महायुद्ध संपलं आणि ही विमानं कानपूरजवळ चकेरीला आणून उभी केली गेली. इंजिनांत वाळू ओतली, डायलं फोडली, पत्र्याला भोकं पाडली. इथे आमच्या बैठकीत भांडण पेटतं. ‘‘जाता जाता खुनशीपणा केला गोऱ्यांनी,’’ हे बहुमत. मला ते पटत नाही. ही विमानं लेंड-लीजची, म्हणजे अमेरिकेची उधारी. युद्धानंतर एक तर ती परत करा, पैसे मोजा, नाहीतर निकामी करा. अमेरिकेला ती परत नको होती, ब्रिटिशांकडे पैसे नव्हते. उरला हातोडा. खुनशीपणा असता तर काम नीट झालं असतं! घरी जाणाऱ्या बोटीकडे डोळे लावून बसलेल्या शिपायांनी ते जितकं उरकता येईल तितकं उरकलं, असा माझा कयास. शिवाय शेकडो फूट पत्रा आणि हजारो रिव्हेट असलेलं धूड मारायचं म्हटलं तरी सहज मरत नाही.

१९४८ मध्ये काश्मीर पेटलेलं होतं आणि हवाई दलाकडे जड बॉम्बर म्हणावं असं एकही विमान नव्हतं. चकेरीच्या भंगाराकडे लक्ष गेलं ते तेव्हा. काम बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टकडे आलं. डिसेंबर १९४० मध्ये हा कारखाना उभा केला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. पुढे तो सरकारकडे गेला, आणि युद्धात अमेरिकी विमानांची डागडुजी करून करून तिथल्या कामगारांचा हात बसला होता.

पण धड अंगाला धड पंख, त्याला चालतं इंजिन, असं जमवून कानपुरात फार तर उडण्यापुरतं विमान तयार होणार. खरी दुरुस्ती बंगळुरात. मग तिथवर न्यायचं कुणी?

माझं या गोष्टीचं वेड आहे ते या माणसापायी. जमशेद कैकोबाद मुन्शी, कारखान्याचे टेस्ट पायलट. अशी तात्पुरती जोडलेली विमानं त्यांनी उडवत बंगळूरला नेली. अंतर सरळ रेषेत दीड हजार किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवलीत तर रेघ नागपूरजवळून जाते; मुन्शी अगदी त्याच वाटेने गेले असं म्हणत नाही, पण वऱ्हाडी मित्रांना हे ऐकवायला मला आवडतं. चार इंजिनं, चारही कधीकाळी वाळू ओतलेल्या ढिगातून निवडलेली, आणि एक खेप झाली की माणूस पुन्हा कानपुरात हजर. चित्तथरारक वगैरे शब्द आपण क्रिकेटवर उधळतो.

नोव्हेंबर १९४८ मध्ये नव्या ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला पहिली विमानं मिळाली. एकूण किती उठली यावर पुस्तकांचं एकमत नाही: कुठे चाळिसाच्या आत, कुठे चाळिसावर. आमच्यातला एकजण या आकड्यावरून दोनदा उठून गेला आहे. इंजिनं डकोटा या मालवाहू विमानाच्याच जातकुळीतली, प्रॅट अँड व्हिटनीची चौदा सिलिंडरची. डकोटा आपल्याकडे मुबलक, म्हणून मेकॅनिकना ती परकी नव्हती. १९५७ नंतर जेट कॅनबेरा आली आणि बॉम्बर म्हणून लिबरेटरचं महत्त्व संपलं. लोहगावच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने मात्र त्याला समुद्रावर टेहळणीला लावलं, जोडीला एअर इंडियाने वापरलेली सुपर कॉन्स्टेलेशन. १९६८ पर्यंत. बाकी जगाने तोवर लिबरेटर केव्हाच वितळवून भांडीकुंडी केली होती.

त्यामुळे पुढे संग्रहालयांना जाग आली तेव्हा बऱ्याच जणांना भारताकडेच यावं लागलं. लंडनच्या हेंडनमधलं विमान इथलं, कॅनडातलं इथलं. ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयाचं १९६९ मध्ये पुण्याहून उडत टक्सनला गेलं. आणखी एक अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनने उडतं केलं. हौशी लोक डॉलर मोजून त्यात बसत, आणि नाकावर चित्रं अमेरिकी. पिमाच्याही नाकावर ‘बंगे बकारू’. भारतीय हवाई दलाच्या चक्रासह पाहायचं तर दिल्लीतल्या पालमचं संग्रहालय गाठावं.

‘‘मग लिही की त्यांना, आमची म्हैस परत द्या म्हणून,’’ नॅटवाला म्हणतो. मी म्हणतो, देतील रे, पण आणायला मुन्शी कुठून आणशील? तेवढ्यात हंटरवाला आकडा काढतो, छत्तीस, आणि तो आकड्यावरून उठून जाणारा उठून चप्पल शोधायला लागतो.