पेट्रोलमधील प्राणवायुयुक्त द्रव्ये आणि विहिरीचे पाणी

विहिरीचे पाणी दूषित होण्याची कारणे सांगताना उकिरडा, शोषखड्डा व गुरांचा गोठा यांचा उल्लेख नेहमी होतो. आता खेडोपाडी मोटारसायकली, पेट्रोलवर चालणारी फवारणीयंत्रे व इंधनाचे पंप आले असल्यामुळे या यादीत पेट्रोलचीही भर घालणे आवश्यक झाले आहे. हवा शुद्ध व्हावी म्हणून पेट्रोलमध्ये मिसळलेले द्रव्य पाण्याची हानी कशी करू शकते, याचा धडा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना मिळाला. ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी तो समजून घेणे हितावह आहे.

मिश्रणाचा हेतू

इंधन जळताना प्राणवायू अपुरा पडला, तर ज्वलन अर्धवट होते व धुरातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो. ज्याच्या घटनेतच प्राणवायू आहे असे द्रव्य पेट्रोलमध्ये मिसळल्यास ही उणीव काही अंशी भरून निघते. अशी द्रव्ये मुख्यतः दोन : मिथिल टर्शरी ब्यूटिल ईथर, ज्यास संक्षेपाने एमटीबीई म्हणतात, आणि इथेनॉल. पहिल्यात वजनाने सुमारे १८ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ३५ टक्के प्राणवायू असतो.

अमेरिकेत १९७९ पासून शिशाच्या संयुगांऐवजी एमटीबीई वापरण्यास प्रारंभ झाला. १९९० मध्ये तेथील स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती झाली आणि दूषित हवेच्या शहरांतून प्राणवायुयुक्त पेट्रोल सक्तीचे झाले. त्यामुळे, विशेषतः जुन्या गाड्यांच्या धुरातील, कार्बन मोनॉक्साइड कमी झाला. तथापि हा लाभ निर्भेळ नव्हता. एमटीबीईमुळे धुरात फॉर्मल्डिहाइड, तर इथेनॉलमुळे ॲसिटाल्डिहाइड वाढते. तसेच थोडे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा अधिक उडून जाते.

पाण्यावर परिणाम

पेट्रोलमधील बहुतेक घटक पाण्यात फारसे विरघळत नाहीत. जमिनीत मुरताना ते मातीच्या कणांना काही प्रमाणात चिकटतात आणि जमिनीतील सूक्ष्म जीव ते हळूहळू खातात. एमटीबीईचा स्वभाव याच्या उलट आहे. शुद्ध एमटीबीई एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम विरघळते. बेंझीन दोन ग्रॅमही विरघळत नाही. एमटीबीई मातीस चिकटत नाही, सूक्ष्म जीवांकडून सहजी नष्ट होत नाही व भूगर्भातील पाण्याच्याच वेगाने पुढे सरकते. म्हणून गळक्या टाकीतील इतर घटक मागे राहिले, तरी एमटीबीई दूरच्या विहिरीपर्यंत पोहोचते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९७ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार, पाण्यास वास व चव येऊ नये यासाठी एमटीबीईचे प्रमाण लिटरमागे २० ते ४० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असावे. याचा अर्थ हिशेबाने स्पष्ट होतो. ११ टक्के एमटीबीई असलेल्या एक लिटर पेट्रोलमध्ये ते सुमारे ८१ ग्रॅम असते. ते सर्व पाण्यात उतरले, तर सुमारे ४० लाख लिटर पाणी २० मायक्रोग्रॅमच्या पातळीस पोहोचेल. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी धरल्यास ते सुमारे १,४१,००० लिटर भरते. म्हणजे अशा २८ विहिरींचे पाणी एका लिटरने बिघडू शकते.

कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहरास १९९६ मध्ये हाच अनुभव आला. एमटीबीई आढळल्यामुळे विहिरी बंद कराव्या लागल्या व शहराच्या पाणीपुरवठ्याचा सुमारे निम्मा भाग गेला. १९९९ मध्ये त्या राज्याने एमटीबीईचा वापर थांबविण्याचा निर्णय घेतला. २००५ च्या कायद्याने प्राणवायूची देशव्यापी सक्ती उठली आणि २००६ मध्ये तेथील तेलशुद्धीकरण कारखान्यांनी एमटीबीई सोडून इथेनॉलचा अवलंब केला.

इथेनॉल व महाराष्ट्र

इथेनॉल जमिनीत लवकर नष्ट होते, हा त्याचा गुण आहे. परंतु ते खाताना सूक्ष्म जीव पाण्यातील प्राणवायू संपवून टाकतात. परिणामी बेंझीनासारखे घातक घटक अधिक काळ टिकतात व अधिक दूर जातात.

भारतात २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिश्रणास प्रारंभ झाला. २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. ऊस उत्पादकांना यातून नवी बाजारपेठ मिळाली आहे. मात्र मळीपासून एक लिटर मद्यार्क करताना साधारणतः ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो. प्रक्रिया न करता तो ओढ्यात सोडल्यास किंवा शेतात बेसुमार पसरल्यास जवळच्या विहिरींचे पाणी तपकिरी व निरुपयोगी होते.

घ्यावयाची काळजी

१. पेट्रोलचा साठा घट्ट झाकणाच्या योग्य डब्यात, विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या अंगास ठेवावा.

२. विहिरीच्या काठावर यंत्रात पेट्रोल भरू नये व यंत्राचे भाग पेट्रोलने धुऊ नयेत. उरलेले पेट्रोल शोषखड्ड्यात किंवा जुन्या बोअरमध्ये ओतू नये.

३. पेट्रोल सांडल्यास भिजलेली माती ताबडतोब उकरून काढावी व पाण्यापासून दूर, निर्धोक जागी न्यावी.

४. पेट्रोल पंपाच्या खालच्या अंगास असलेल्या विहिरींची नोंद ग्रामसेवकांनी ठेवावी व त्यांचे पाणी वेळोवेळी तपासून घ्यावे.

५. पाण्यास पेट्रोलचा किंवा रंगाच्या तेलासारखा वास आल्यास ते पिणे थांबवावे, ग्रामपंचायतीस कळवावे व नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. पाणी उकळणे हा भरवशाचा उपाय नव्हे. अशा विहिरीत दिवा किंवा पेटता पदार्थ सोडू नये. वाफ पेट घेण्याचा धोका असतो.

६. वास नाही म्हणून पाणी निर्दोष समजू नये. बेंझीन वास येण्यापूर्वीच अपायकारक प्रमाणात असू शकते.

भूगर्भातील पाणी एकदा बिघडले की ते पूर्ववत करण्यास वर्षे लागतात व खर्च अतोनात येतो. डब्याचे झाकण घट्ट लावणे व गळती वेळीच थांबवणे हा त्यापेक्षा फार स्वस्त उपाय आहे, आणि तो प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती आहे.