लोणारच्या गाळातला दुष्काळाचा साक्षीदार

तुरटीचा खडा तव्यावर टाकला की तो फुगतो आणि त्याची पांढरी लाही होते. कोरड्या दिसणाऱ्या खड्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते. हे पाणी शोषलेले नसते, तर स्फटिकाच्या बांधणीतच असते. असेच पाणी पोटात धरून बसलेले एक खनिज बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या गाळात सापडले आहे. त्याचे नाव गेलुसाइट.

शाळेत वायूंच्या नियमात भेटणारे फ्रेंच शास्त्रज्ञ गे-लुसॅक यांच्यावरून 1826 मध्ये हे नाव दिले गेले. सोडियम आणि कॅल्शियम यांचे हे कार्बोनेट. त्याच्या वजनाचा सुमारे 30 टक्के भाग पाणी असते. स्फटिक रंगहीन, काचेसारखा, पण मऊ. कोरड्या हवेत ठेवला तर पाणी गमावून तो पांढरा पडतो. गोड्या पाण्यात ठेवला तर त्यातले सोडियम हळूहळू विरघळते आणि साधे कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते.

मग असे नाजूक खनिज लोणारला कसे तयार झाले? उल्कापाताने बेसॉल्ट खडकात पडलेल्या, सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीच्या या खळग्यात झरे आणि ओढे येऊन मिळतात, पण पाण्याला बाहेर वाहून जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. म्हणूनच सरोवराच्या पाण्याचा सामू 10 च्या आसपास असतो. एरवी इथे कॅल्शियमची साधी खनिजे बनतात. पाऊस वर्षानुवर्षे कमी पडला, तळे आटले आणि सोडियम फार दाट झाले, तरच गेलुसाइट तयार होते. म्हणजे गाळाच्या ज्या थरात ते सापडते, तो थर दुष्काळाचा.

भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळातला सुमारे 10 मीटर गाळ काढून थराथराने तपासला. त्यात कोरडे असे दोन दीर्घ काळ दिसले. पहिला साधारण 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा. त्याच्या अखेरीस सिंधू संस्कृतीची शहरे ओस पडू लागली होती, आणि कमी झालेला पाऊस हे त्यामागचे एक कारण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. दुसरा 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचा, म्हणजे ढोबळमानाने सातवाहनांपासून यादवांपर्यंतचा.

पर्जन्यमापक येण्याच्या कितीतरी आधीची ही नोंद आहे. मोसमी पाऊस पूर्वी किती काळ रुसला होता हे कळले, तर पुढे काय होऊ शकते याचा अंदाज बांधता येतो. लोणारला 2020 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सरोवरात सांडपाणी मिसळले किंवा तळ ढवळला गेला, तर पाण्याबरोबर ही नोंदही बिघडेल. तिची दुसरी प्रत कुठेही नाही. लोणार पाहायला जाल तेव्हा तिथला दगड किंवा माती सोबत आणू नका. हजारो वर्षांचा हिशेब तिथेच राहू द्या.